पॉइंट सात

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी गेलेली माणसं गोडादऱ्यात परततात ती सांजोऱ्यांचे डबे आणि गाडीच्या तक्रारी घेऊन. डबे घरी उघडतात, तक्रारी माझ्या गॅरेजवर. वर्षभर गाडी सुरतेच्या सपाटीवर पळालेली असते. लिंबायत, डिंडोली, पर्वत पाटिया, रिंग रोड, फार तर उधना. चढ म्हणाल तर उड्डाणपुलाचा. आखाजीच्या आठवड्यात तीच गाडी सात माणसं आणि बोचकी भरून सोनगड, नवापूर, विसरवाडी करत कोंडाईबारीच्या घाटाला भिडते. वर वैशाखाचं ऊन, आत एसी चालू. वर्षभर झाकून राहिलेलं सगळं त्या घाटात उघडं पडतं.

काही वर्षांपूर्वी असेच दोन साडू एकाच सकाळी आले. एकत्र नव्हे, एकमेकांना चुकवून आले. शिंदखेड्याकडच्या एकाच घरातल्या दोन बहिणी या दोघांना दिलेल्या. राहायला एकाच सोसायटीत, धंदाही एकच: सकाळ-दुपार शाळेची पोरं, मधल्या वेळेत साड्यांची पार्सलं. दोघांनी धनत्रयोदशीला एकाच शोरूममधून एकाच मॉडेलच्या पांढऱ्या सीएनजी व्हॅन उचललेल्या. चेसिस नंबरात शेवटच्या दोन आकड्यांचाच काय तो फरक. पेढ्यांचा बॉक्ससुद्धा दोघांत एक.

आठ वाजता धाकटा आला. बसलाच नाही. "मनी गाडी वढतच नई, भाऊ. त्यानी पयस, मनीच का बरं नई पयत?" कोंडाईबारीत मोठ्याची व्हॅन तिसऱ्या गिअरवर पुढं निघून गेली, याला दुसरा टाकावा लागला. बायको शेजारीच बसलेली, मागून मेहुणी हात हलवत गेली. शिवाय मोठ्याला किलोला वीसचं अ‍ॅव्हरेज, याला सोळा. त्याचा निकाल तयार होता: शोरूमवाल्यानं मोठ्याला चांगली गाडी दिली आणि मला उरलेली.

नऊ वाजता मोठा आला, ऑइल बदलायला. ऑइलची वेळ झालेली नव्हती. तो नुसता खूश होता.

हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की बोर्डावर रंगवून ठेवावा. एकच कंपनी, एकच मॉडेल, एकच महिना, मग याची अशी आणि माझी तशी का? बहुतेक मिस्त्री एका वाक्यात सुटका करून घेतात, "नशीब असतं साहेब." मीही कैक वर्षं तेच म्हणत होतो. नशिबावर ढकललं की बॉनेट उघडावं लागत नाही.

गाड्यांच्या आधी मी लूमवर होतो. उधन्यातल्या एका गाळ्यात चोवीस लूम, सगळे एकाच बनावटीचे, एकाच वर्षी बसवलेले. मी मास्तरच्या हाताखाली पाने देणारा पोरगा. त्यातला अकरा नंबरचा लूम बदनाम. बाणा तुटायचा तर त्याच्यावर, धोटा उडायचा तर त्याच्यावरून. कारीगर त्याच्यावर उभं राहायला तयार नसत. मीटरवर पगार असल्यावर कोण राहील? मालकाला वाटायचं, लूमच खोटा निघाला. मास्तरनं एका रविवारी, गाळा बंद असताना, त्या लूमवर पाण्याची वाटी ठेवली. मग एका पायाखाली जुन्या पट्ट्याचे दोन तुकडे सारले. लूम कारखान्यातून बाकीच्या तेविसांसारखाच आला होता. फरशी त्या कोपऱ्यात खचलेली होती.

१९९४च्या सप्टेंबरात प्लेगची भीती पसरली आणि सुरत रिकामी व्हायला लागली. आम्हीही भुसावळच्या गाडीला लोंबकळत गाव गाठलं. परत आलो तेव्हा माझ्या जागी दुसरा पोरगा होता. तसा मी एका गॅरेजात शिरलो. हातात पाने तेच, मशीन बदललं एवढंच.

तिथं दुसऱ्या वर्षी मी एक उद्योग करून ठेवला, त्याची शिक्षा अजून आठवते. एकाच मॉडेलची दोन इंजिनं एकाच वेळी खोललेली. मी हुशारी केली. सगळे भाग एकाच घमेल्यात रॉकेलनं धुतले, चकचकीत केले आणि ओळीनं मांडले. कनेक्टिंग रॉड आठ, त्यांच्या खालच्या टोप्या आठ, सगळ्या हुबेहूब. उस्तादनं घमेल्याकडं पाहिलं आणि कपाळाला हात लावला. रॉड आणि त्याची टोपी एकत्र बोल्ट करून मगच त्यांचं भोक घासलेलं असतं. जोडी फुटली की ते भोक गोल राहत नाही. दोन्हींवर जोडीच्या खुणा असतात, त्या बघून मला संध्याकाळपर्यंत सोळा तुकड्यांची लग्नं लावावी लागली. त्यानंतर उस्तादनं पिस्टन हातात दिला, डोक्यावरचा कार्बन खरवडायला लावला. खाली आकडा उमटला: २. दुसऱ्यावर १. मग ब्लॉकवर बोट ठेवलं. तिथंही प्रत्येक बोअरपाशी १ आणि २ ठोकलेले.

त्या दिवशी मला एक गोष्ट कळली, ती लोकांना सांगितली तर पटत नाही. गाड्या सारख्या आहेत असं फक्त गिऱ्हाईक मानतं, कारखाना मानत नाही. त्याला पक्कं ठाऊक असतं की एका साच्यातून निघालेले दोन पिस्टन सारखे नसतात. म्हणून तो ते मोजतो, वेगळे काढतो. जरा जाडा पिस्टन जरा मोठ्या बोअरला, बारीक तो बारीकला. क्रँकच्या बेअरिंगचंही तसंच. नव्या मालाच्या स्टँडर्ड बेअरिंगमध्येच जाडीचे पाच प्रकार येतात, कडेला रंगाचा ठिपका: हिरवा, काळा, पिवळा, निळा, आणि एकाला रंगच नाही. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला वाटलं होतं, पेंटरचा ब्रश लागलाय. जाडीतला फरक मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजायचा. आपल्या डोक्याचा केस त्यामानानं दोरखंड.

एवढी निवड करूनही थोडी मुभा उरतेच. ड्रॉइंगवर कधी एकच माप नसतं; इतक्यापासून इतक्यापर्यंत चालेल, असं असतं. एका इंजिनात असे शेकडो भाग. एखाद्या गाडीत बरेच भाग मापाच्या मधोमध पडतात, एखादीत पाच-सहा नेमके कडेवरचे एकत्र येतात. दोन्ही गाड्या पास. दोघींवर तोच शिक्का.

माझं एक गिऱ्हाईक इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतं. गाडी दुरुस्त होईपर्यंत स्टुलावर बसून बोलणारा माणूस, बहुतेक वेळा डोकं खातो, पण एक गोष्ट त्यानं लाखाची सांगितली. ऐंशीच्या दशकातली. अमेरिकेच्या फोर्डला एक गिअरबॉक्स हवा होता. काही स्वतःच्या कारखान्यात बनवले, काही जपानच्या माझ्दाकडून करून घेतले. ड्रॉइंग एकच. पण रस्त्यावर जपानी गिअरबॉक्स मऊ चालायचे, त्यांच्या तक्रारीही कमी. फोर्डच्या माणसांनी दोन्हींचे नमुने खोलून मोजले. त्यांचे स्वतःचे भाग सगळे मापात, एकही नापास नाही. फक्त मुभेच्या पट्टीवर इकडून तिकडं पसरलेले. जपान्यांचे मधोमध दाटीनं बसलेले. इतके सारखे, की मोजणाऱ्याला म्हणे आपलं गेजच बिघडलं असं वाटलं. मला उधन्याचा मास्तर आठवला. "चालतंय ना" आणि "बसलंय" यांत तो फरक करायचा. लूमवरचा हात काढताना तो दोनपैकी एकच शब्द बोलायचा, आणि पहिला बोलला की आम्ही समजायचो, उद्या परत पाने आणायचेत.

जर्मनीत अशा रडक्या गाडीला 'सोमवारची गाडी' म्हणतात, हेही त्याच गिऱ्हाईकानं सांगितलेलं. सुट्टीवरून आलेल्या कामगारानं अर्धवट लक्षानं जोडलेली. मला हे तितकंसं पटत नाही. बराचसा बिघाड कारखान्याच्या फाटकाबाहेर होतो. एक गाडी बनल्या बनल्या विकली जाते, दुसरी कुठल्या तरी यार्डात चार-पाच महिने ऊन खात उभी राहते. बॅटरी बसते, टायर एका जागी दबून राहतात. पुस्तकात खरेदीची तारीख एक असली तरी टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ते वाचले की कोण कधीचं ते कळतं. २००६च्या ऑगस्टमध्ये उकाईचं पाणी सुटलं आणि तापी अडाजण-रांदेरच्या घराघरांत शिरली. त्यानंतर वर्ष-दोन वर्षं आमच्याकडं स्वस्तात घेतलेल्या सुंदर गाड्या यायच्या. नवे सीट कव्हर, अत्तराचा वास. मी गालिचा उचलून सीटखालच्या बोल्टावर बोट फिरवायचो. बोटाला गाळ लागायचा. तापीचा गाळ मऊ असतो, पिठासारखा. आता इकडं मिठी खाडीचं पाणी भरतं तेव्हाही तीच गंमत, फक्त वास वेगळा.

तर साडू. दोघांना म्हटलं, रविवारी दोन्ही गाड्या माझ्याकडं ठेवा. मोठा कुरकुरला. त्याच्या गाडीला काहीच झालं नव्हतं. मी म्हटलं, चांगली गाडी बघितल्याशिवाय वाईट गाडी कळत नाही मला.

आधी हवा. मोठ्याच्या चारही चाकांत तीसच्या आसपास. धाकट्याच्या मागच्या दोन्हींत बावीस, पुढं एकात एकोणीस. मग दोन्ही गाड्या जॅकवर घेऊन हातानं चाकं फिरवली. मोठ्याचं मागचं चाक सोडलं की दोन फेरे घेऊन थांबे. धाकट्याचं डावं अर्ध्या फेऱ्यात गप्प. ड्रम गरम होऊन निळसर पडलेला. हँडब्रेकची केबल नको इतकी ताणलेली, म्हणजे ब्रेकचे बूट कायम घासतायत. ही गाडी पाय अडकवून चालत होती. आणि ती केबल चार महिन्यांपूर्वी माझ्याच गॅरेजात ताणली होती. हँडब्रेक पकडत नाही म्हणून तो आला होता, पोरानं दोन आटे जास्त दिले आणि मी चाक फिरवून न बघता गाडी सोडली. हे मी धाकट्याला सांगितलं. त्या कामाचे पैसे परत दिले, वर चहा पाजला. तो खूश झाला की नाही माहीत नाही, मोठा मात्र झाला.

एअर फिल्टर काढला तर त्यावर राखाडी गोधडी. धाकटा पार्सलसाठी लूमच्या गाळ्यांबाहेर गाडी चालू ठेवून उभा राहायचा. तिथल्या हवेत धाग्याचे तंतू तरंगत असतात. इंजिन ते ओढून घेतं.

पुढचा प्रकार मोजणीचा होता. धाकट्यानं आखाजीच्या आधी हौसेनं चारही टायर नवे टाकलेले. मोठ्याचे गुळगुळीत व्हायला आलेले. झिजलेल्या टायरचा घेर लहान, तो तेवढ्याच रस्त्याला जास्त फेरे घेतो आणि मीटरवर जास्त किलोमीटर चढवतो. या आकाराच्या चाकाला दोन टक्क्यांचा तरी फरक पडतो. म्हणजे मोठ्याच्या वीसमधले थोडे किलोमीटर तो गेलाच नव्हता. शिवाय मोठा पहाटे पाचला गॅस भरतो, पंप रिकामा असताना. धाकटा संध्याकाळी रिक्षांच्या रांगेत, पंपाचं प्रेशर उतरलेलं आणि सिलिंडर उन्हानं तापलेला. तापलेल्या बाटल्यात गॅस कमी बसतो. काटा फुल दाखवतो, पण किलो कमी भरलेले. "एका टाकीत तो तिथवर जातो, मी इथवर" हे रडगाणं त्यातलं. गॅस किलोवर मोजला तर हा फरक निघून जातो. पण टाकीवर हिशोब करणारेच जास्त.

एवढं सगळं सरळ करून मी त्यांना गाड्यांची अदलाबदल करायला लावली. आठ दिवस. पहाटेचा एकच पंप, टायर एकाच मापाचे, चारही चाकांत हवा तीस. हे पटवायला गाडी दुरुस्त करण्यापेक्षा जास्त मेहनत पडली. शेवटी बहिणींनी आपसात ठरवलं आणि नवऱ्यांना कळवलं.

माझ्या वहीत आकडे आहेत. मोठ्याची गाडी मोठ्याच्या हातात १९.४, धाकट्याच्या हातात १८.१. धाकट्याची गाडी मोठ्याच्या हातात १८.७, धाकट्याच्या हातात १७.५. म्हणजे जवळपास सव्वा किलोमीटर धाकट्याच्या उजव्या पायात होतं. सिग्नल सुटला की तो दाबतो, पुढचा सिग्नल दिसला की ब्रेक मारतो. आजकाल गाडीतला कॉम्प्युटरही चालवणाऱ्याच्या सवयीनं आणि सेन्सरच्या सांगण्यानं आपला हिशोब थोडाफार जुळवून घेत असतो. आणि कंपनी जो आकडा छापते, तो तर रोलरवर उभ्या गाडीचा असतो, पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत ठरलेल्या चालीनं, ठरलेल्या सेकंदांत चालवलेला. तिथं मागून हॉर्न मारणारा रिक्षावाला नसतो.

अदलाबदलीच्या तिसऱ्या दिवशी धाकटा मोठ्याच्या व्हॅनचं पेट्रोलचं बिल दाखवायला आला. डॅशबोर्डच्या खणात सापडलं होतं. नवापूरचं, आखाजीच्या आदल्या दिवसाचं. मी मोठ्याला विचारलं, "साडूभाऊ, घाटात बटण दाबलं होतं का?" तो इकडंतिकडं बघायला लागला. गॅसवर या गाड्यांची ताकद पेट्रोलपेक्षा साधारण दहा टक्के तरी कमी पडते, कारण गॅस सिलिंडरमध्ये हवेची जागा खातो. मोठा कोंडाईबारी पेट्रोलवर चढला होता. धाकटा गॅसवर, अडकलेल्या ब्रेकसकट. मेहुणीनं हात हलवला तो या जोरावर.

ब्रेक, हवा, फिल्टर, टायर, पंप, पाय, पेट्रोल. सगळं वजा केलं तरी दोन गाड्यांत पॉइंट सातचा फरक उरला. एकाच्या हातात पॉइंट सात, दुसऱ्याच्या पॉइंट सहा. तो मला सोडवेना. दोन्ही इंजिनं गरम करून, चारही प्लग काढून, कॉम्प्रेशनचा दाब मोजणारं गेज लावलं. मोठ्याचे चारही सिलिंडर पाव किलोच्या आत सारखे. धाकट्याचा तिसरा अर्ध्या किलोनं कमी. सिलिंडर-सिलिंडरमध्ये एक किलोपर्यंत फरक चालतो, म्हणजे गाडी पास. त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून परत मोजलं, तर आकडा वर आला. व्हॉल्व्ह ठीक, रिंगांकडून थोडं सुटतंय.

का सुटतंय? पिस्टन बारीक असेल, बोअर मोठा असेल, दोघंही मापाच्या कडेवरचे. किंवा कारखाना निर्दोष असेल. नव्या बोअरवर तिरक्या बारीक रेघा असतात, त्यांच्यावर घासून रिंगा पहिल्या काही शे किलोमीटरांत जागा धरतात. म्हणून नवी गाडी पहिले हजार किलोमीटर ना एका वेगानं, ना ओझ्यानं रगडायची. धाकट्यानं गाडी घेतली त्याच्या दुसऱ्या दिवशी सात माणसं घालून वणीचा गड चढवला होता. देवीला नवी गाडी दाखवायची म्हणून. आमच्या धंद्यात यावरही भांडणं आहेत. काही उस्ताद म्हणतात, नव्या इंजिनाला जोर दिलाच पाहिजे, त्यानंच रिंगा बसतात. त्या पॉइंट सातमध्ये कारखाना किती आणि गडाचा चढ किती, हे दाखवणारं गेज माझ्याकडं नाही.

धाकटा म्हणाला, "मग खोला. सारखं करून टाका त्याच्यासारखं."

मी नाही म्हटलं. कारखान्यानं रंगाचे ठिपके बघून एकदा मिटवलेलं इंजिन अर्ध्या किलोसाठी उघडायचं, आणि ते मिटवणार कोण, तर ज्याच्या पोराला हँडब्रेकची केबल ताणता येत नाही तो मी. त्याला ते लगेच पटलं. इतक्या लगेच की मला जरा लागलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे गॅस भरायला गेलो तर तो पंपावर होता, हवेच्या नळीपाशी वाकलेला. चारही चाकांत तीस-तीस भरून घेतली, रुमालानं व्हॉल्व्ह पुसले, टोप्या लावल्या आणि निघाला. स्टेपनी विसरला.